तात्यासाहेबांची बायसन करी

चूक सरळसरळ तात्यासाहेब इंगवल्यांची होती. वय सदुसष्ट आणि मिशा पांढऱ्या, म्हणून गावात कुणी त्यांना तोंडावर खोटारडा म्हणत नसे, एवढंच. अभयारण्याच्या रस्त्यावरच्या आपल्या हॉटेलात ते म्हशीचं मटण शिजवायचे आणि पर्यटकांसाठी पाटीवर ‘बायसन करी’ लिहायचे.

एका पर्यटकाने तक्रार केली आणि अन्न निरीक्षक शिरगावकर मॅडम चौकशीला आल्या. तात्यांनी लगेच मटण पुरवणाऱ्या यासीन मुल्लाणीकडे बोट दाखवलं. “ह्या पोरानं बायसन म्हणूनच दिलं. आम्ही म्हातारी माणसं, विश्वास ठेवतो.”

यासीनकडे म्हैसच दिल्याचा पुरावा नव्हता. तात्यांनी कधी पावती घेतलीच नव्हती. आता आपल्या दुकानाचा परवाना जाणार, आणि पांढऱ्या मिशांपुढे आपलं ऐकणार कोण?

“खरंय मॅडम,” तो शांतपणे म्हणाला. “बायसन म्हणजे आपला गवा. मीच मारून आणला. तात्या वर्षभर रोज दहा किलो घेतात. गवा मारणारा जेलात जातो आणि विकत घेणाराही. वनखात्याला बोलवा, दोघं बरोबरच जातो. तात्या, स्वेटर घ्या, आत गारठा असतो म्हणे.”

तात्यांचा चेहरा खर्रकन उतरला. “अरे गाढवा, कसला गवा? म्हैस आहे ती. पहिल्या दिवसापासून म्हैसच. मॅडम, मला चांगलं माहितीये, पाटी मीच रंगवलीय.”

मॅडमनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि खाली तात्यांची सही घेतली.

तात्यांच्या हॉटेलचा परवाना सहा महिन्यांसाठी निलंबित झाला.