किती पळालात, मामा?

एका गावात एक भोळा हणमंता होता. 'जरा थांब' म्हटलं की 'चल' म्हणेपर्यंत उभा राहायचा. एकदा सगळे 'चल' म्हणायचं विसरले, तर पठ्ठ्या दोन दिवस पारापाशीच होता.

त्याला मामांची लेक सुगंधा बायको म्हणून हवी होती. सुगंधालाही तो हवा होता. "सांगितलेलं ऐकतो तरी," ती म्हणायची. मामांना मात्र जावयापेक्षा आपली लाल स्पोर्ट्स कार प्यारी. शहरातल्या कुणा हौशी माणसाकडून घेतलेली, दोन लाख किलोमीटर पळालेली. आणि इतकी बुटकी, की आत बसलं की गावातली कुत्री डोळ्याला डोळा भिडवत.

मामा म्हणाले, "रविवारपातुर गाडीत बरोबर तेल घाल. घातलंस, तर सुगंधा तुझी. चुकलास, तर विषय संपला."

हणमंता थेट घाण्यावर गेला आणि ताजं करडईचं तेल घेऊन आला. नशीब, गॅरेजवाल्या रज्जाक मिस्त्रीनं वेळेवर बघितलं.

"आरं, गाडी काय जेवायला बसलीया? तेल निवडायचं तर आधी इचारायचं, किती पळालंय? लई पळालेल्याला जाड तेल."

"चुकलं, मिस्त्री. आता तसंच करतो."

दुपारी मामी म्हणाली, "हणमंता, मामांच्या डोक्याला जरा तेल लाव."

"मामा, आजवर किती पळालात?"

मामा रिटायर पोस्टमन. छाती फुगवून म्हणाले, "तीस वर्षं सायकल मारलीया. पृथ्वीला चार फेऱ्या झाल्या असतील!"

हणमंतानं इंजिनाचं सगळ्यात जाड तेल आणलं आणि मामांच्या टकलात चांगलं जिरवलं. टकलावर बसलेली माशी संध्याकाळपर्यंत काही उठू शकली नाही.

मिस्त्री म्हणाला, "ते इंजिनाचं, बाबा! आन् नुसतं वरनं ओतू नगंस. आधी जुनं समदं खाली सोडायचं, मग नवं."

"चुकलं, मिस्त्री. आता तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मामीनं समईत तेल घालायला सांगितलं. हणमंतानं समई उपडी केली. देवघरात गुडुप अंधार. मामांनी चाचपडत देवाऐवजी मांजराला कुंकू लावलं.

मिस्त्रीनं कपाळाला हात मारला. "आधी बघावं रं, हाय किती, लागतंय किती! गाडीत तेल मोजायची पट्टी असती. ती काढायची, पुसायची, परत बुडवायची. दोन खुणांच्या मधी तेल दिसलं, की पोट भरलं म्हणायचं."

"चुकलं, मिस्त्री. आता तसंच करतो."

रविवार उजाडला. हणमंतानं गाडीलाच विचारलं, "किती पळालीस?" मीटर बघितला. जाड तेल आणलं, जुनं सोडलं, नवं ओतलं, पट्टी बुडवली. सगळे धडे पहिल्यांदाच आपापल्या जागी पडले. गाडी अशी गुरगुरली, की मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. "जिंकलास रं, भाच्या!"

लगेच साखरपुडा ठरला. पांढरंशुभ्र धोतर नेसून मामा पंगतीला बसले. सुगंधा लाजत होती. तेवढ्यात मामी म्हणाली, "हणमंता, मामा घाईघाईनं जेवल्यात. त्यांचं पोट भरलं का बघ बरं."

हणमंता गाडीकडे पळाला आणि तसाच पळत परत आला. मामांना वाटलं, पेढा आणला. होणाऱ्या जावयाच्या हातचा पेढा! त्यांनी डोळे मिटून 'आ' केला.

हणमंतानं पट्टी मामांच्या धोतराला पुसली, घशापर्यंत घातली, काढली आणि उजेडात धरली.

"मामी, खालची खूणबी न्हाई भरली!" तो ओरडला. मग आठवून मामांना म्हणाला, "मामा, आडवं व्हा. आधी जुनं समदं खाली सोडतो."