छपरातले पाच बोळे

तांब्याची भांडी विकणारा एक व्यापारी होता, आणि त्याचं घर चाकांवर होतं. त्याचं नाव नेमगोंडाशेट. पावसाळ्याचे चार महिने तो गावात राही. उरलेले आठ महिने बायको पद्मावती, आईबापाविना वाढलेली नात राजमती आणि चार-पाच गडी घेऊन तो या जत्रेतून त्या जत्रेत फिरे. त्याची घरगाडी चार बैल ओढत. गाडी लाकडाची, हिरव्या रंगाची, पिवळ्या काठाची. आत रांधायचं, निजायचं आणि वर छपरावर जडशीळ हंडे-घंगाळं दोरांनी बांधून न्यायची.

गाडी लखलखीत दिसली तरच गिऱ्हाईक जवळ येतं, असं शेटचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. म्हणून दर मुक्कामाला ती धुवायची. रिठ्याच्या पाण्याने खालून वर घासायची, म्हणजे ओघळांचे डाग बसत नाहीत. मग साधं पाणी वरून खाली सोडायचं, फडक्याने टिपायचं, जवसाचं तेल चोळायचं आणि फळ्यांच्या सांध्यांत मेण भरायचं. हे काम करणाऱ्याचा हात गाडीच्या अंगावरून सगळीकडे फिरतो. तिचं दुखणंखुपणं सगळ्यांत आधी त्यालाच कळतं.

पण शेटकडे एक भलतीच रीत होती. दोष ज्याला सापडेल, दोष त्याचा. एकदा एका गड्याने चाकाला गेलेली चीर दाखवली, तर शेट गरजला, "काल नव्हती! तूच पाडलीस!" आणि भर जत्रेत त्याला हाकलून दिलं. तेव्हापासून गडी गाडी धूत होते, पण डोळे मिटून.

यंदा ते काम सटवाकडे आलं. सटवा म्हणजे पालीला भिणारा, कुत्र्याला भिणारा, स्वतःच्या शिंकेलाही दचकणारा माणूस. शेट नुसता खाकरला तरी त्याच्या हातातलं फडकं गळून पडे. त्यातून नोकरी गेली तर घरची चूल विझेल, हा घोर दिवसरात्र मनात.

घाटापलीकडच्या जत्रेला निघायची सकाळ होती. सटवा छपरावर चढून मागचा कोपरा पुसत होता. पुसता पुसता त्याचा अंगठा लाकडात गेला. शिजलेल्या रताळ्यात जावा तसा, पेरापर्यंत गेला.

सटवाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने शेजारचा रंग नखाने खरवडला, तर खालून मेणाचा बोळा निघाला. बोळ्याखाली अंगठ्याएवढंच भोक. त्याच्या बाजूला आणखी एक. असे पाच बोळे निघाले, आणि प्रत्येकावरच्या रंगाची छटा वेगळी होती. मग त्याच्या ध्यानात आलं. त्याच्याआधी पाच जणांचे अंगठे इथे रुतले होते. पाचही जणांनी भोक बुजवलं होतं, वर रंग फासला होता आणि तोंड बंद ठेवलं होतं.

सटवाने खाली पाहिलं. गडी हंडे एकावर एक रचून तयार होते. घाटातले हादरे त्याला माहीत होते. आत, बरोबर या कोपऱ्याखाली, राजमतीचं अंथरूण असतं हेही माहीत होतं. तरी त्याने मेणाचा गोळा काढला आणि मळायला घेतला. भ्यालेला माणूस दुसरं काय करणार?

तेवढ्यात त्याच्या गुडघ्याखालून बारीक आवाज आला. "सटवाकाका, वर तुम्ही आहात? हळू पुसा ना. माझ्या अंथरुणावर भुगा पडतोय."

"कवापासनं पडतोय, पोरी?"

"पुष्कळ दिवस झाले. मी रोज झाडून टाकते. आजोबांना नका सांगू हं. ते म्हणतील, मीच केलं."

सटवाच्या हातातलं मेण तिथेच राहिलं. सहा वर्षांचं पोर रोज मरणाखाली निजत होतं आणि आजोबांच्या भीतीने भुगा झाडत होतं. तो घाईघाईने खाली उतरला. आधी त्याने राजमतीला हाताला धरून बाहेर काढलं आणि पद्मावतीकाकूंच्या जवळ नेऊन उभं केलं. मग तो शेटसमोर गेला.

"शेट, छपराचा मागला कोपरा कुजलाय. अंगठा आत जातोय."

शेटचे डोळे लाल झाले. "हात कुणाचा फिरत होता तिथं?"

"माझा."

"मग कुजवलं कुणी?"

सटवाची बोबडी वळत होती. पण त्याने मान वर केली. "मीच केलं म्हना, शेट. आत्ता हाकला मला. पर हंडे वर चढवू नका, तुमच्या पाया पडतो."

"मला शिकवतोस?" म्हणत शेट तरातरा छपरावर चढला आणि त्या कोपऱ्यावर त्याने दाणकन पाय आपटला. कडाडकन आवाज झाला. फळ्या फुटल्या, शेटची तंगडी मांडीपर्यंत आत गेली आणि खालचा वासा तुटून कोसळला. धूळ खाली बसली तेव्हा भगदाडातून शेटला राजमतीचं अंथरूण दिसलं. वासा तिच्या उशीवर पडला होता.

शेटला खाली कसं उतरवलं ते गड्यांनाच ठाऊक. मांडीतून रक्त वाहत होतं, तिकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो लंगडत राजमतीपाशी गेला आणि तिला पोटाशी धरायला त्याने हात पुढे केला.

पोरीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "मी नाही केलं, आजोबा! खरंच मी नाही केलं!"

शेटचा हात तसाच राहिला. तो मटकन खाली बसला आणि सगळ्यांदेखत रडला.

त्या वर्षी घाटापलीकडच्या जत्रेला गाडी गेली नाही. सुतार आले, छप्पर नवं झालं. धुण्याचं काम सटवाकडेच राहिलं. तो अजून पालीला भितो. पण गाडी धुऊन झाली की शेट स्वतः येऊन विचारतो, "आज काय सापडलं?" आणि सटवा सांगतो. राजमतीला मात्र आजोबांनी काही विचारलं, की ती अजून आधी आजीकडे बघते आणि मगच बोलते.

तात्पर्य इतकंच: दोष दाखवणाऱ्यालाच जो दोषी धरतो, त्याच्या घरातले दोष संपत नाहीत, ते फक्त त्याच्यापासून लपतात, आणि सगळ्यांत आधी लपवायला शिकतं ते त्याचंच लाडकं माणूस.