तीन मडक्यांचं पाणी

"महाराज, तिच्या पाण्यात असं काय आहे, जे माझ्या सेवेत नव्हतं?"

रंगनाथबुवा ओसरीवर जपमाळ ओढत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाच्या?"

"कौसल्येच्या." नाव घेतानाच भालचंद्राचा आवाज चढला.

चढायचाच. टेकडीवरच्या त्या मठाची झाडलोट तो मिसरूड फुटायच्या आधीपासून करत आलेला. बाजारातून फिनेल आणायचा आणि फरशी अशी घासायचा की पायथ्याच्या गावाला वासावरून कळावं, मठ धुतला. आणि ही कौसल्या, मागच्या दिवाळीत आलेली! आली ती परसात मडकी मांडून बसली. एकात लिंबाच्या साली गुळाच्या पाण्यात मुरत घातल्या, एकात कडुनिंबाचा पाला उकळून ओतला, एकात वाळा भिजवला. तिन्हींत रिठ्याचं पाणी घातलं. झालं तिचं फिनेल.

फिनेलच्या उग्र वासानं येणारा बुवांचा खोकला थांबला. एके सकाळी ते सगळ्यांदेखत म्हणाले, "आता मठात चालायला बरं वाटतं." त्याच दिवशी पहाटेची सेवा कौसल्येकडे गेली.

तेव्हापासून भालचंद्राला अन्न गोड लागेना. ती हसली की याच्या नाकाला मिरच्या झोंबत, आणि ती गप्प राहिली तर जास्तच झोंबत. गुरूच्या पायाशी बसून तो नाम घेई खरा, पण लक्ष सगळं तिच्या खराट्याकडे.

"एक दिवस सेवा मला द्या," तो म्हणाला. "मग तुम्हीच ठरवा कुणाचा हात बरा ते."

माळ थांबली...

"उद्या कर."

संध्याकाळी कौसल्या मडकी दाखवायला आली. "भालूदादा, एवढं ध्यानात ठेवा. पायरीपाशी लिंबाचंच पाणी. विहिरीच्या कडेला कडुनिंबाचं. वाळ्याचं गाभाऱ्याच्या वाटेला. अदलाबदल नका करू."

"का? केली तर?"

ती जरा घुटमळली.

"तसंच बरं असतं, दादा."

तसंच बरं असतं म्हणे! मला शिकवते, कालची पोर. काहीतरी लपवतेय, हे भालचंद्रानं तेव्हाच ताडलं. आणि एवढ्याशा मठाला तीन-तीन वास कशाला? नुसते नखरे.

पहाटे त्यानं तिन्ही मडकी एका घंगाळात रिकामी केली. तिचे तीन गुण तीन जागी, माझे तिन्ही सगळीकडे! पायरी, अंगण, विहिरीचा काठ, गाभाऱ्याची वाट, सगळं त्यानं त्या एकाच पाण्यानं गुडघे टेकून घासलं. उजाडलं तेव्हा फरशीत तोंड दिसत होतं. कौसल्या परसात फुलं काढायला गेली होती. तिनं येऊन हे बघावं, असं त्याला फार वाटत होतं.

बुवा खोलीतून बाहेर आले.

रोज ते या टोकापासून त्या टोकापर्यंत ताठ चालत जात. आज चार पावलं टाकली आणि थांबले. नाक वर करून त्यांनी वास घेतला. पुन्हा घेतला...

"कसं झालंय, महाराज?"

बुवांनी एक पाऊल पुढं सरकवलं, तळव्यानं फरशी चाचपली आणि मग वळले. गाभारा उजवीकडे होता. ते डावीकडे वळले.

डावीकडे विहीर होती. तिला कठडा नव्हता.

"महाराज!"

भालचंद्र धावला. त्यानं दोन्ही हातांनी बुवांचा दंड धरला, तेव्हा काठ वीतभर उरला होता. बुवांचा श्वास संथ चालला होता.

त्यानं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळ्यांतल्या बाहुल्यांवर पांढुरकी साय धरली होती, दोन्ही डोळ्यांत. ही काही रातोरात धरलेली साय नव्हती. रोज या माणसाच्या पायावर डोकं ठेवणाऱ्या भालचंद्राला ती आज दिसली.

"कधीपासून, महाराज?"

"बरेच दिवस झाले."

परसातून कौसल्या फुलांची परडी घेऊन आली. तिनं ओली फरशी पाहिली, रिकामं घंगाळ पाहिलं, बुवा कुठं उभे आहेत ते पाहिलं. परडी तिथंच टाकून ती मडक्यांकडे पळाली.

इतकी वर्षं सेवा केली आणि एवढी गोष्ट आपल्याला कळू दिली नाही. तिला मात्र सांगितली. या घटकेलाही भालचंद्राला खुपलं ते हेच.

"मला का नाही सांगितलंत?" तो म्हणाला. "मी परका होतो का?"

बुवांनी चाचपत त्याच्या डोक्यावर हात ठेवला...

"तिला तरी कुठं सांगितलं होतं?"