मापातला बार

एकदा एका घाटाखालच्या गावावर एका एकांड्या गव्याचे संकट ओढवले. कळपातून फुटलेला तो दांडगा नर पूर्वी कुणाच्या अध्यात ना मध्यात असे. पण परगावच्या एका हौशी शिकाऱ्याने त्याच्यावर बार टाकला. आवाजाने दरी दणाणली. गोळी मात्र खांद्याच्या कातड्याखालीच अडकून राहिली. शिकारी आपल्या वाटेने निघून गेला. ती जखम सोसणे गव्याच्या नशिबी आले आणि त्याचा संताप गावाच्या. वाटेत येईल त्याच्यावर तो धावू लागला. मीठ वाहणारे बैल घाट चढेनासे झाले. झऱ्यावर जाणे जिवावरचे झाले. सिदोजी नावाच्या तरुणाचा थोरला भाऊ लाकडे आणताना गव्याच्या शिंगांवर सापडला. जीव वाचला, पण मांडी फाटून तो अंथरुणाला खिळला.

सिदोजी गावातल्या एका वृद्ध वस्तादांकडे ठासणीची बंदूक चालवायला शिकत होता. वस्तादांची नजर आता अधू झाली होती. शिष्याचा नेम मात्र पक्का होता, म्हणून गावाने हे काम त्याच्यावर सोपवले.

निघण्याच्या दिवशी सकाळी तो वस्तादांच्या अंगणात बंदूक भरू लागला. पिशवीतून त्याने लहान, हलकी गोळी निवडली. हलकी गोळी वेगाने जाते, असा त्याचा हिशेब. मग शिंगाच्या मापाने नळीत दारू ओतली आणि वर आणखी एक मूठ रिचवली.

"बरीच भरलीस," वस्ताद म्हणाले.

"जनावर केवढं आहे, वस्ताद! बारही तसाच हवा."

वस्ताद उठले. त्यांनी खांद्यावरचे पांढरेशुभ्र उपरणे काढले, जमिनीवर अंथरले आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. "याच्या अलीकडे उभा राहा आणि अंगणापलीकडच्या त्या ओंडक्यावर बार टाक."

सिदोजी गोंधळला. चांगले वस्त्र मातीत का घालावे? पण गुरूची आज्ञा. त्याने चाप ओढला. कानठळ्या बसल्या, खांद्याला दस्त्याचा असा दणका बसला की तो दोन पावले मागे गेला. धूर विरला तेव्हा गोळी ओंडक्याच्या सालीतच रुतलेली दिसली. आणि उपरण्यावर काळे कण पसरले होते.

वस्तादांनी चिमूटभर कण त्याच्या तळहातावर ठेवले. "काय आहे हे?"

"दारू," सिदोजी ओशाळून म्हणाला. "न जळलेली."

वस्तादांनी उपरणे झटकून पुन्हा अंथरले. या वेळी त्यांनी स्वतः बंदूक भरली. माप सपाट केले. नळीत घट्ट बसेल अशी शुद्ध शिशाची जड गोळी निवडली, चरबी लावलेल्या चिंधीत गुंडाळली आणि गजाने तळापर्यंत ठासली. सिदोजीने बार टाकला. आवाज बेताचाच झाला. उपरणे जवळजवळ स्वच्छ राहिले. ओंडक्यात मात्र इतके खोल भोक पडले होते की त्यात बोट घातले तरी गोळी लागेना.

मग वस्ताद बोलले, "नळीची लांबी ठरलेली आहे, पोरा. तेवढ्या वाटेत जी दारू जळते, तीच गोळीच्या कामी येते. उरलेली बाहेर पडून नुसता भडका करते आणि तुझा नेम बिघडवते. हलकी गोळी निघते जोरात, पण जाड कातडे लागले की तिचा दम सरतो. जड गोळी वाटेत थांबत नाही. त्या मुक्या जीवाला भिववायचे नाही, एका गोळीत त्याच्या यातना संपवायच्या आहेत. वरची ती मूठ दारूची नव्हती, भीतीची होती."

"पण बार कमी पडला तर?"

"म्हणून जवळ जायचे. जे अंतर दारूने तोडू पाहतोस, ते पायांनी तोड."

त्या दुपारी सिदोजी वाऱ्याच्या विरुद्ध अंगाने कारवीच्या झुडपांतून सरपटत गेला. इतका जवळ, की गव्याचा फुत्कार ऐकू यावा. जनावराने मान वर केली. सिदोजी नेम धरून थांबला. गव्याने कूस दाखवली आणि पुढच्या पायामागे, नेमक्या ठिकाणी, गोळी शिरली. गवा दहाएक पावले धावला, गुडघ्यांवर आला आणि शांत झाला. सिदोजीने जवळ जाऊन त्याच्या कपाळाला हात लावला, मगच गावाकडे हाळी घातली.

हलग्या कडाडल्या. माणसे पळत सुटली. बायाबापड्यांनी सिदोजीला ओवाळले. भावाची बाज चौघांनी उचलून वेशीपर्यंत आणली आणि बाजेवरूनच त्याने धाकट्याला मिठी मारली. आनंदाने पाटलांचे डोळे भरून आले होते.

"अरे, आवाज एवढासाच आला! आम्हांला वाटलं, बार फुसका गेला. किती दारू भरली होतीस?"

सकाळी हाच प्रश्न आला असता तर सिदोजीने छाती काढून उत्तर दिले असते. आता त्याने गर्दीत उभ्या असलेल्या वस्तादांकडे पाहिले आणि हसून म्हणाला,

"पुरेल एवढी, पाटील."

वस्तादांनी मान हलवली. त्या दिवसापासून ते त्याला पोरा म्हणेनासे झाले.