रखमाजी मास्तरांच्या बांगड्या

फार वर्षांपूर्वी सावरदरा हे गाव आत्ता आहे तिथे नव्हतं. वर, कड्याच्या पोटाशी होतं. तिथल्या शाळेत रखमाजी मास्तर कवायत शिकवायचे. ते इतके चपळ होते की सकाळी धावायला निघाले की त्यांच्या सावलीला त्यांना गाठायला दुपार व्हायची, असं म्हणतात. हसू नका, आमच्याकडे हे असंच सांगतात.

मास्तरांची शिकवण साधी होती. तोंड मिटा, नाकानं श्वास घ्या. उतारावर गुडघे सैल सोडा. दमलात तरी बसू नका, चालत राहा. आणि एक नियम सगळ्यांत वरचा. जो पहिला पोचला तो अजून पोचलाच नाही. त्यानं मागं फिरायचं, शेवटच्याला घेऊन यायचं, मग दोघं पोचले.

चैत्रात देवीची जत्रा असायची. ओढ्यापासून देवळाच्या पायरीपर्यंत पोरांची शर्यत व्हायची, आणि ज्या गावाचा गडी पायरीला आधी हात लावेल त्या गावाला पालखी उचलायचा पहिला मान मिळायचा. त्या वर्षी गावच्या कारभाऱ्यांचा, म्हणजे जानरावांचा मुलगा सुभाना सगळ्यांच्या पुढे होता. पायरी हाताशी आली आणि त्याला सवयीनं मागं बघायचं सुचलं. खाली पल्याडच्या गावचं एक पोर पाय मुरगळून बसलं होतं. सुभाना फिरला, त्याला खांद्यावर घेऊन आला. तोवर दुसऱ्याच कुणी पायरी शिवली होती. मान गेला.

गाव पेटलं. आमचं गाव तेव्हा मानापुढे माणूस ओळखत नव्हतं, हे सांगताना आजही बरं वाटत नाही. जानरावांनी कासारणीला चावडीवर बोलावलं आणि मास्तरांना बांगड्यांचा आहेर करायला लावला. सगळं गाव गोळा झालं होतं. कासारीण रडायला लागली. मास्तरांनीच हात पुढे केला.

"मापाच्या भर, ताई," ते म्हणाले. "धावताना निसटायला नकोत."

हिरव्या बांगड्या भरल्या गेल्या, आणि मास्तरांनी त्या कधी उतरवल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशीपासून रोज पहाटे कड्याच्या वाटेवर त्या किणकिणायला लागल्या. पहिले चार दिवस लोक हसले. मग आवाज आला की दारं लोटून घेऊ लागले. समोर आले तर खाली बघायचे. बांगड्या काढा, चुकलो आम्ही, एवढं म्हणायला हवं होतं. ज्यानं त्यानं ते दुसऱ्यावर सोडलं. मास्तर काही विचारायचे, तर गाव मान खाली घालून गप्प बसायचं.

आणि मग श्रावणात कडा फुटला. सकाळची वेळ, पण धुकं असं की आपला हात आपल्याला दिसेना. वरून माती सुटायला लागली. माणसं घराबाहेर आली, पण पळायचं कुठं? तेवढ्यात बांगड्या वाजल्या.

गाव त्या आवाजामागं उतरलं. पोरांच्या पायांना सगळं आठवत होतं, त्यांनी म्हाताऱ्यांचे हात धरले. एक घोळका ओढ्यापार पोचवला की बांगड्या पुन्हा वर जात. मास्तर त्या दिवशी एकाच वेळी चार वाटांवर धावत होते, असं म्हणतात. ज्याला त्याला आवाज आपल्याच पुढे ऐकू येत होता.

शेवटी जानराव उरले. ते दगडावर बसून होते, उठेनात.

"तुम्ही जावा, मास्तर. मी कुठल्या तोंडानं येऊ?"

"तोंड मिटूनच यायचंय, कारभारी. नाकानं श्वास घ्या. उठा, बसू नका."

मास्तरांनी त्यांना ओढ्यापार आणलं आणि धुक्यात उभे राहून विचारलं, "मागं कोणी राहिलं का?"

मागं कोणी नव्हतं. सगळं गाव तिथंच होतं, आणि प्रत्येकाला ते ठाऊक होतं. पण त्यांच्याशी बोलायची सवयच मोडली होती. सगळे माना खाली घालून उभे राहिले. जानरावही.

मास्तरांनी पुन्हा विचारलं. कुणीच बोललं नाही. म्हणजे कुणीतरी राहिलंय असं त्यांना वाटलं आणि ते फिरले. बांगड्या वाजत वाजत वर गेल्या. मग कडा खाली आला.

त्यांचं काहीच सापडलं नाही. दरड कोसळली ती जागा पुढच्या श्रावणात कधी नव्हे इतकी हिरवी झाली, असं म्हणतात.

आजही सावरदऱ्यात चैत्रात शर्यत होते. धावणारा प्रत्येक जण, मुलगा असो की मुलगी, एक हिरवी बांगडी भरून येतो. पायरीशी पहिला आलेला मागं फिरतो आणि शेवटच्याला हाताला धरून आणतो. मग सगळं गाव, तान्ही पोरं कडेवर घेऊन, कड्याकडे तोंड करून उभं राहतं. त्या वेळी मान खाली घालायची नाही, एवढा एकच दंडक आहे. आणि सगळे मिळून ओरडतात,

"मास्तर, मागं कोणी नाही. या आता खाली."