मुरमाटीचा वाकडा बांध

बसा. सावली बघून बसा. घमेली ठेवा बाजूला, तळं काही पळून जात नाही. सकाळपासून तुम्ही मंडळी गाळ उपसताय, आणि आल्यापासून चौघांनी तरी मला विचारलं, की तात्याबा, हा बांध सरळ येता येता मधेच पाण्याकडे असा वाकडा का वळलाय? बांधणाऱ्याचा अंदाज चुकला का? अंदाज चुकलाच होता, पण मोजमापाचा नाही. मी तात्याबा खरात, याच मुरमाटी गावचा. आमच्या घरात ही गोष्ट मान खाली घालून सांगतात, तशीच मीही सांगतो.

फार जुनी गोष्ट. या माळावर म्हणे तेव्हा पाण्याचा थेंब नव्हता. तीन वर्षं पाऊस झाला नाही, तेव्हा गावची चाळीस घरं देवीपुढे जमली. ना राजानं हुकूम दिला होता, ना कोणी मजुरी देणार होतं. सगळ्यांनी आपणहून भंडारा उचलला आणि शपथ घेतली, की आपल्या हातांनी तळं बांधायचं, आणि ते भरलं की रोज एका घरानं बांधाची राखण करायची. खेकड्यांची भोकं बुजवायची, गाळ काढायचा, खचलं तिथं माती टाकायची. माती वाहायला बांबूची, कळकाची एक पाटी केली. ज्याचं काम झालं त्यानं दिवस मावळताना ती पाटी शेजारच्या दारात नेऊन ठेवायची. मग उद्याचं काम शेजाऱ्याचं.

तळं झालं. भरलं. विहिरींना पाणी आलं, सोयरीक मोडून गेलेले लोक परत मुली द्यायला लागले. दोन वर्षं पाटी दारोदार फिरली. नव्याची नवलाई होती, दुसरं काय!

तिसऱ्या वर्षी सुगीच्या दिवसांत पाटी ठकूच्या दारात आली. ठकू म्हणजे एकटी बाई. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, दारात एक म्हैस. तिनं दिवसभर काम केलं आणि संध्याकाळी पाटी शेजारी नेली. शेजारी हैबती खरात. हो, आमचाच मूळपुरुष. त्याच्या खळ्यावर मळणी चालली होती. तो म्हणाला, "ठके, आजच्या दिस ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. उद्या नेतो."

तो उद्या बारा वर्षं आला नाही.

हैबती वाईट माणूस नव्हता, हे मी आमचा म्हणून सांगत नाही. मळणीनंतर लग्न निघालं, लग्नानंतर पेरणी. आणि पाटी हैबतीकडे गेली नाही म्हटल्यावर त्याच्या पुढच्या घरालाही ती आली नाही. कोणी विचारलंही नाही. आली नाही तर बरंच की! बांध मात्र रोज नीट दिसायचा. गाव निर्धास्त झालं. तळं आहे, ठकू आहे, आपल्याला काय?

गाव कृतघ्न होतं असंही नाही. कौतुक फार केलं हो तिचं. पहिल्या वर्षी जत्रेत तिला नारळ दिला. दुसऱ्या वर्षी खण. पुढे पुढे देवीची पालखीही तिच्या दारात थांबायला लागली. पालखी थांबायची, सगळे हात जोडायचे, आणि पालखी पुढं जायची. पाटी तिथंच. ती काही बोलली नाही का, असं तुम्ही विचाराल. म्हणे बोलली, दोनदा. तर आयाबाया म्हणाल्या, "तुझ्या हाताला यश हाय बाई. आमच्या हातनं तसं हुयाचं न्हाई." ती रोज कौतुक प्यायची आणि रोज माती वाहायची.

तेराव्या वर्षी श्रावणात पाऊस लागला तो थांबेना. बांधाच्या मध्यावर, पलीकडच्या कोरड्या अंगाला, पाणी झिरपू लागलं. ठकू पाटी घेऊन गेली. तिथं पोचल्यावर तिनं पाटी खाली ठेवली, झिरपत्या जागेला पाठ लावली आणि बसली. गावात निरोप गेला, की ठकू बांधावर बसली, उठत नाही.

गाव धावलं. आता इथं ऐका, आमच्या लोकांनी काय केलं ते. त्यांना वाटलं, तिच्या अंगात देवी आली. गुरवाला बोलावलं. हलगी आणली. ठकू म्हणाली, "हळद-कुकू नगं. पाटी उचला." गुरव म्हणाला, "ऐकलंत? देवीनं पाटीचा मान मागितलाय." झालं! त्या पाटीला हळद फासली, तिच्यात फुलं घातली, खण घातला, घराघरातून नारळ आणून ती काठोकाठ भरली आणि भर पावसात तिची आरती केली. पाटी उचलली कोणीच नाही. इकडे झिरप्याची धार झाली. बांध गेला असता तर खालचं अख्खं गाव जागेवर राहिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबती नैवेद्याचं ताट घेऊन आला. त्याचे गुडघे दुखायचे, म्हणून तो ठकूशेजारी टेकला. ताट पुढं केलं, तिनं पाहिलं नाही. तिच्या पायांना भेगा पडलेल्या, डोक्यावर पाटी ठेवायची तिथले केस झडलेले. बारा वर्षं शेजारी राहून हे त्यानं तेव्हा पाहिलं. असं सांगतात, की त्यानं सहज, घरच्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "ठके, दमलीस का गं?"

ती रडायला लागली. म्हणाली, "दमले रं दादा. लई दमले."

हैबतीनं पाटीतले नारळ चिखलात ओतले, तिच्यात माती भरली आणि डोक्यावर घेतली. ते बघून बाकीचे हलले. कोणी टोपल्या आणल्या, कोणी सुपं, बायकांनी तर पदरातून माती वाहिली. पण माती टाकायची कुठं? ठकू तिथंच डोळे मिटून बसलेली. कोणी तरी तिला हलवायला गेलं, तर हैबती म्हणाला, "निजू द्या तिला." मग ती होती तिथंच ठेवून, आतल्या अंगानं, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून त्यांनी बांध वळवून घेतला. दिवस मावळायला धार थांबली. मग तिला उठवायला गेले, तेव्हा कळलं की ती निजली नव्हती.

कोणी सांगतात, तिची तिथल्या तिथं माती झाली आणि बांधात मिसळली. मला विचाराल तर बाई दमून मेली. त्यात चमत्कार नाही. चमत्कार असलाच तर बारा वर्षांनी चाळीस घरं एकदम बाहेर पडली, हा.

त्या वळणात देऊळ नाही, दगड नाही, शेंदूर नाही. गावानं ठरवूनच काही ठेवलं नाही. आजही पाटी दारोदार फिरते, आता लोखंडी आहे एवढंच. ती घेताना घेणाऱ्यानं विचारायचं, "दमलात का?" आणि देणाऱ्यानं खरं सांगायचं. "छे, एवढ्याशानं काय" असं म्हणणं आमच्याकडे पाप समजतात. नवी सून आली की तिला हे आधी शिकवतात.

आजही फिरते, असं म्हणालो खरं. पण घरं राहिली किती? अर्ध्या दारांना कुलपं आहेत, पोरं शहरात. तुम्ही दर उन्हाळ्यात येता, दोन दिवस राबता, त्यानं फरक पडला आहे, नाही कसं म्हणू? पूर्वी संक्रांतीला आटणारं तळं आता पाडव्यापर्यंत टिकतं. पण उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस खेकडे काही सुट्टीवर जात नाहीत. माझ्या शेजारचं घर बंद, त्याच्या शेजारचं बंद. दसऱ्यापासून पाटी माझ्याच दारात आहे, आणि मला चौऱ्याहत्तरावं चालू आहे.

तुम्हाला घेऊन आलेल्या या बाई मघाशी म्हणाल्या, तात्याबा, संध्याकाळी तुमचा सत्कार करायचाय, शाल आणलीय. शाल राहू द्या, बाई. पाटी घेताना जे विचारतात, तुम्ही फक्त ते विचारा. मी खरं सांगेन.