सहा वाजताचे ठोके

एकदा एक वृद्ध मेजरबाई होत्या. सैन्याच्या इस्पितळांमध्ये चोवीस वर्षं परिचारिका म्हणून सेवा करून त्या निवृत्त झाल्या आणि आमच्या तालुक्याच्या गावी, बाजारपेठेमागच्या बोळात येऊन राहिल्या. नर्सिंग शिकलेल्या मुली त्यांच्याकडे सल्ला विचारायला येत. कोणत्या विभागात किती वर्षं काढावीत, पुढे कोणता कोर्स करावा, सैन्याच्या परीक्षेला कधी बसावं, हे त्या शांतपणे समजावून सांगत. गाव त्यांना शहाण्या म्हणे.

शहाण्या माणसांच्या गोष्टींत शेवटी रागावलेल्या माणसाचा राग निवतो. या गोष्टीतला रागावलेला माणूस मी आहे आणि माझा राग निवलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

मेजरबाईंची एक शिष्या होती. तिचं नाव मी लिहीत नाही. तेवीस वर्षांची, कॉलेजात पहिली आलेली, आमच्या गावातल्या एका खाजगी दवाखान्यात नोकरीला. तिच्याकडे चार घड्या घातलेला एक मोठा पांढरा कागद होता. त्यावर तिने पट्टीने चौकोन आखून पुढची दहा वर्षं मांडली होती. एक वर्ष सर्जरीच्या वॉर्डात. दीड वर्ष आयसीयूत. मग ऑपरेशन थिएटरचा कोर्स. मग सैन्याची परीक्षा, आणि त्यापुढे लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर. प्रत्येक चौकोनाला वेगळा रंग दिला होता. सर्जरीच्या वॉर्डाचा चौकोन हिरवा होता.

माझा थोरला भाऊ त्या हिरव्या चौकोनात मेला.

सोपान पिसाळ. वय एकतीस. दुधाचा टेम्पो चालवायचा. सोमवारी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. बुधवारी दुपारी मी त्याच्या कपाळाला हात लावला तर तवा. श्वास भरभर चाललेला, आणि गडी नुसता वर बघत पडलेला. मी टेबलाशी गेलो. शिष्या तिथे बसून परीक्षेचं जाडजूड पुस्तक वाचत होती.

"सिस्टर, दादाचं अंग लई तापलंय बघा."

"आत्ताच बघितलंय. नॉर्मल आहे." तिने मान वर केली नाही.

"पण हाताला चटका बसतोय."

"चार्ट लावलाय ना पलंगाला? त्यावर लिहिलंय. जा, बसा."

मी जाऊन बसलो. मी आठवी नापास. चार्टावरचं मला काही कळेना, म्हणून मोबाइलवर त्याचा फोटो काढून आमच्या मामेभावाला पाठवला. तो औषधाच्या दुकानात कामाला आहे. त्याचं उत्तर आलं, 'सगळं नॉर्मल आहे, उगाच टेन्शन घेऊ नको.' रात्री आठला डॉक्टर आले, तेव्हा दवाखान्यात धावपळ झाली. पोटात पू झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दादा गेला.

दवाखाना म्हणाला, अचानक झालं, चार्ट स्वच्छ आहे. आणि माझी वहिनी, तिने तेरा दिवसांत मला एकच प्रश्न विचारला. "भावजी, तुम्ही उशाशीच होता. तुम्हाला कसं कळलं नाही?" त्यानंतर ती माझ्याशी बोललीच नाही. ताट वाढायची आणि आत जायची.

चौदाव्या दिवशी सकाळी मी मेजरबाईंच्या दारात उभा राहिलो. शिष्या तिथे रोज सकाळी येते, हे मला कळलं होतं. डोक्याचा गोटा, दाढी वाढलेली. आत बाई खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर तो रंगीत कागद पसरलेला होता. त्यावर बाईंची सही घ्यायला शिष्या आली होती, कारण बाईंचं शिफारसपत्र तिला परीक्षेच्या अर्जाबरोबर हवं होतं.

"कोण पाहिजे?" मेजरबाईंनी विचारलं.

"ही पाहिजे. हिला लष्करात पाठवताय म्हणं तुम्ही. पाठवा की! तिथं माणसं मरायला तयारच असत्यात. हिला सोपं जाईल."

शिष्या उठून उभी राहिली. "बाई, हे बेड नंबर चारचे नातेवाईक."

"सोपान म्हण!" मी ओरडलो. "सोपान पिसाळ. तीन दिवस तुझ्यापुढं पडला होता, एवढं नाव पाठ झालं नाही? पुस्तक बरं पाठ होत होतं!"

"मी माझी ड्युटी केली आहे. तुम्ही चार्ट बघा."

"ओरड तू," मेजरबाई मला म्हणाल्या. "पण बसून ओरड. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही तुझं, उभ्याने पडशील."

"मला खायला घालून गप्प करू नका, बाई."

"घालत नाही. बस."

मी बसलो नाही. मोबाइल काढून त्यांच्या नाकासमोर धरला. "हा बघा हिचा चार्ट. नॉर्मल म्हणं! माझा भाऊ नॉर्मल मेला."

मेजरबाईंनी चष्मा लावला, फोन हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, "हा फोटो किती वाजता काढलास?"

"मला काय ठाऊक? दुपारी."

त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं, काहीतरी वाचलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. मला वाटलं, आता या तिला झापतील, किंवा माझी समजूत घालतील. त्यांनी यातलं काहीही केलं नाही. मनगटावरचं घड्याळ काढून शिष्येसमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "याची नाडी बघ."

मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

"हिनं मला हात लावायचा नाही!"

"एक मिनिट दे," मेजरबाई म्हणाल्या. "एकच. त्यानंतर तिला काय बोलायचं ते बोल, मी अडवणार नाही. घरातली भांडी फोडायची असली तर तीही फोड."

मी हात का पुढे केला, मला अजून सांगता येत नाही. कदाचित त्या बाईंचा आवाज ऐकायची सवय पलटणींना होती, म्हणून असेल. शिष्येने मनगटावर तीन बोटं ठेवली. बोटं गार होती. पंधरा सेकंदांनी ती हात काढायला लागली.

"पूर्ण मिनिट," मेजरबाई म्हणाल्या. "चाराने गुणायचं नाही."

तिने पुन्हा सुरुवात केली. मध्येच आकडा चुकला. पुन्हा पहिल्यापासून. मी तिच्याकडे बघत होतो, आणि तिला माझ्याकडे बघता येत नव्हतं. रागाने माझं रक्त उसळत होतं आणि ते तिच्या बोटांखालून जात होतं.

"किती?"

"एकशे बावीस."

"लिही."

"कशावर?"

"समोर कागद आहे की."

तिने त्या रंगीत कागदाच्या कोपऱ्यात आकडा लिहिला.

"आता सांग," मेजरबाईंनी पालथा फोन सुलटा केला. "चार्टावर दोन वाजताचे ठोके अठ्ठ्याहत्तर. सहा वाजताचे ठोकेही अठ्ठ्याहत्तर. फोटो काढला आहे चार वाजून बारा मिनिटांनी. सोपान पिसाळचे सहाचे ठोके तू चार वाजताच कसे मोजलेस?"

मला दोन क्षण काही उमगलंच नाही. मग उमगलं. त्या दुपारी दोनचा आणि सहाचा, दोन्ही रकाने तिने ड्युटीवर आल्याआल्या टेबलावर बसून भरले होते. चौदा दिवस तो फोटो माझ्या खिशात होता. मी तो शंभर वेळा उघडला होता. पुरावा माझ्याजवळ होता आणि मला वाचता आला नव्हता.

"सगळ्या पलंगांचे?" मेजरबाईंनी विचारलं.

शिष्येने मान हलवली. "सगळेच भरतात, बाई. ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेले पेशंट स्टेबल असतात. परीक्षा जवळ आली होती..."

"ते अठ्ठ्याहत्तर ठोके कोणाचे होते?"

ती रंगीत कागदाच्या घड्या घालायला लागली.

"कोणाचे होते, मुली?"

"कोणाचेच नव्हते," ती म्हणाली, आणि खाली बसली.

मी टेबलावर मूठ आपटली. घड्याळ खाली पडलं. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मेजरबाईंनी शब्द पाळला, मला अडवलं नाही. माझा दम संपल्यावर त्यांनी वाकून घड्याळ उचललं.

"बत्तीस वर्षांपूर्वी," त्या म्हणाल्या, "सीमेजवळच्या एका इस्पितळात एका दुपारी अकरा जखमी आले. जे किंचाळत होते त्यांच्याकडे आम्ही सगळे धावलो. कडेच्या स्ट्रेचरवर एक पोरगा गप्प पडला होता. त्याच्या कार्डावर आधीच्या चौकीने 'स्थिर' असं लिहिलं होतं. मी त्याला हात न लावता खाली तोच शब्द उतरवला. पोटात रक्तस्राव होत होता. पाऊण तासात संपला."

माझा कानांवर विश्वास बसेना. "म्हणजे तुम्ही पण?"

"हो. मी पण."

"आणि तरी मेजर झालात."

"झाले," त्या म्हणाल्या. "कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्याच्या घरी पत्र गेलं, त्यात लिहिलं होतं की सर्व उपचार वेळेवर झाले."

असं सांगितलं म्हणजे ऐकणाऱ्याचं मन द्रवावं, अशी गोष्टींची रीत असते. माझं द्रवलं नाही. मला वाटलं, त्या पोरालाही कुठेतरी भाऊ असेल. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. त्याला अजूनही ठाऊक नसेल.

मेजरबाई शिष्येकडे वळल्या. "या कागदावर तू दहा वर्षं मांडलीस, आणि मी दर वेळी 'छान' म्हणत गेले. चूक माझीही आहे. वॉर्ड ही आयसीयूची पायरी नाही आणि आयसीयू ही सैन्याची पायरी नाही. जिथे जाशील तिथे पलंगावर कोणीतरी असणार, आणि त्याला काय होतंय हे कळायला तुला तुझा हातच लावावा लागणार. तो तू लावला नाहीस. मग आयसीयूतली यंत्रं तुला काय सांगणार आणि खांद्यावरचे तारे काय कामाचे? मी शिफारस देणार नाही. पण दुसरा एक कागद तुला लिहायचा आहे. मी जो लिहिला नाही तो."

"बाई, नोकरी जाईल माझी."

"जाईल कदाचित."

"माझं नर्सिंगच थांबेल कदाचित."

"कदाचित. मी खोटा धीर देणार नाही."

"फोटो मी पेपरात देतो," मी म्हणालो. "हिच्या कागदाची मला गरज नाही."

"दे. तो तुझा हक्क आहे." मेजरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "पण फोटोत आकडा दिसेल. वेळ चुकली, शाई चुकली, दवाखाना पन्नास कारणं देईल. हिने हात लावला नाही, हे फक्त ही सांगू शकते. आणि एक लक्षात ठेव. तुझ्या भावाला ताप आहे, हे तुझ्या हाताला चार वाजता कळलं होतं. त्या दुपारी त्या वॉर्डात नर्सचं काम एकट्या तूच केलंस."

मला ते ऐकायचं नव्हतं. मी भिंतीकडे तोंड केलं.

मागे खुर्ची सरकली. मग कागदावर पेन घासल्याचा आवाज आला. तिने दोनदा कागद चुरगळला. तिसऱ्यांदा लिहून झाल्यावर ती उठली, माझ्यासमोर आली आणि कागद पुढे केला. "दवाखान्यात मी स्वतः देते. ही प्रत तुमची." रडत होती. मी तिला माफ केलं नाही. तिने माफी मागितलीही नाही, एवढं मात्र तिच्या बाजूने लिहितो.

दवाखान्याने तिला तिसऱ्या दिवशी काढून टाकलं आणि तिच्या कागदाला अजून उत्तर दिलेलं नाही. मी रोज जाऊन विचारतो. तिथला मॅनेजर मला बघितल्यावर आतल्या दाराने निघून जातो. जाऊ दे, मला वेळ आहे.

मेजरबाईंकडून त्याच दिवशी दुपारी मी तो कागद घेऊन घरी आलो होतो. वहिनी परसात धुणं वाळत घालत होती. मी म्हणालो, "जरा ऐका," आणि बोटाने ओळ धरून एकेक शब्द वाचला. मला वेळ लागतो वाचायला. "दिनांक बारा रोजी दुपारी दोन व सहा वाजताची नोंद मी रुग्ण सोपान पिसाळ यांना हात न लावता केली. त्यांच्या भावाने ताप असल्याचे मला सांगितले होते. मी उठले नाही."

वहिनीच्या हातात ओलं लुगडं तसंच राहिलं.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं."

"कळलं होतं."

"तुम्ही सांगितलंही होतं."

"दोनदा."

"मग ओरडला का नाहीत, भावजी? तिला हाताला धरून का उठवलं नाहीत?"

हाच प्रश्न मी स्वतःला चौदा दिवस विचारत होतो. "लिहिलेलं होतं, वहिनी," मी म्हणालो. "पलंगाला लिहून टांगलेलं होतं."

तिने लुगडं दोरीवर टाकलं, त्याच्या सुरकुत्या काढल्या. तोंड तिकडेच ठेवून म्हणाली, "मी पण गप्पच बसले असते." मग थोड्या वेळाने, "चला, जेवून घ्या," आणि त्या दिवशी ताट वाढून ती आत गेली नाही. समोर बसली.

आपल्या माणसाच्या अंगाला हात लावल्यावर जे कळतं ते, कागदावर काहीही लिहिलेलं असो, मोठ्याने सांगावं आणि समोरचा उठेपर्यंत सांगतच राहावं.